टीम गाव सोडून गेली, आता मी काय करू?

ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन २००० साली कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले. डिपेंडंट व्हिसावर असल्यामुळे नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि नवरा सकाळी गेला की रात्रीच परत यायचा. घरात एक रेडिओ होता आणि त्यावर ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या मॅच लागायच्या. क्रिकेटचं वेड माहेरचंच, त्यामुळे बेसबॉल हळूहळू कळायला लागला आणि मग सुटलाच नाही. माझा मुलगा त्या रेडिओपुढेच वाढला. सप्टेंबर २०२४ मध्ये टीमच्या ओकलंडमधल्या मैदानावर, कोलिझियममध्ये, झालेल्या शेवटच्या मॅचला आम्ही दोघं होतो, दोघंही रडलो. आता टीम सॅक्रमेंटोजवळ खेळते आणि पुढे लास व्हेगासला जाणार आहे. टीमच्या मालकाला आपला एक डॉलरसुद्धा मिळू द्यायचा नाही, असं मी ठरवलं. टीव्हीवर मॅच लावतही नाही. मुलगा नोकरीमुळे सॅक्रमेंटोतच राहतो आणि मॅचला जातो. गेल्या जूनमध्ये माझ्या वाढदिवसाला त्याने दोन तिकिटं आणली. मी पाकीट त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "तुला लाज कशी वाटली नाही?" तो काहीच बोलला नाही. तेव्हापासून फोन येतो, पण "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का" एवढाच. आधी आमचं अर्धं बोलणं बेसबॉलचं असायचं. नवरा म्हणतो, "सॅन फ्रान्सिस्कोचे जायंट्स आहेत की खाडीपलीकडे, त्यांना धर." बहीण साताऱ्याहून म्हणते, "या वयात खेळासाठी रडतेस?" माझं चुकतंय का?

– कोलिझियमची एक प्रेक्षक, फ्रीमाँट

नमस्कार.

तुमच्या बहिणीला आधी उत्तर देते, कारण तिचं वाक्य तुमच्या मनात सलत असेल तर पुढचं काहीच नीट बोलता येणार नाही. खेळासाठी रडण्याला वय नसतं. तिला बहुधा वाटतंय की एखादी फायनल हरल्यावर डोळ्यांत पाणी येतं तसंच हे आहे. तिला एवढंच सांगा की बेसबॉलच्या एका सीझनमध्ये एक टीम १६२ मॅच खेळते. आयपीएलच्या साखळीत चौदा असतात. मार्चअखेरपासून सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज एक मॅच, रोज तीनेक तास. म्हणजे तुम्ही कांदा चिरत असताना, बाळाला झोपवत असताना, नवऱ्याची वाट बघत असताना वर्षातले सहा महिने तीच माणसं तुमच्या घरात बोलत होती. कोणाचा खांदा दुखावलाय, कोण नवीन पोरगा आलाय, कोण आठवडाभर चाचपडतोय आणि तरी मॅनेजर त्याला बसवत नाही, हे तुम्हाला शेजारणीच्या घरातल्या गोष्टींपेक्षा जास्त माहीत होतं. त्या देशात तुमच्याशी रोज बोलणारं पहिलं कोणी असेल तर ते अ‍ॅथलेटिक्सचे समालोचक बिल किंग होते. बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनातून आमच्या आधीच्या पिढीने न पाहिलेली मैदानं पाहिली. तुम्ही कोलिझियम तसंच पाहिलंत, "होली टोलीडो!" असं ओरडणाऱ्या एका माणसाच्या आवाजातून. २००५ साली ते गेले तेव्हाही तुम्हाला चुकल्यासारखं झालं असणार.

पुण्यानेही दोन आयपीएल टीम गमावल्या. पुणे वॉरियर्स तीन सीझन खेळली, सुपरजायंट दोन, आणि त्यातल्या दुसऱ्याच वर्षी फायनलला एका रनने हरली. पुणेकर हळहळले आणि विसरले. ते कोरडे होते असं नाही, नातं जुळायला वेळच मिळाला नव्हता. ओकलंडमध्ये ही टीम १९६८ पासून २०२४ पर्यंत होती. सत्तावन्न सीझन. त्यातले पंचवीस तुमचे.

आणि काय काय पाहिलंत तुम्ही! २००२ चा सप्टेंबर आठवा. सलग एकोणीस विजय झाले होते आणि विसाव्या मॅचमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० अशी आघाडी होती. ती सगळी आघाडी गेली, ११-११ झालं, आणि नवव्या इनिंगमध्ये बदली बॅटर म्हणून आलेल्या स्कॉट हॅटेबर्गने होमरन मारून, म्हणजे बॉल थेट भिंतीपलीकडे घालवून, मॅच जिंकून दिली. मुलगा तेव्हा अगदी लहान असणार, त्याला ते तुमच्याच तोंडून कळलं असेल. मे २०१० मधला तो मदर्स डेचा रविवार. डॅलस ब्रेडनने टॅम्पा बेच्या सत्तावीसच्या सत्तावीस बॅटरना बाद केलं, एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. शाळेत असतानाच आई गेलेल्या त्या मुलाने मॅच संपल्यावर आजीला मिठी मारली. हे ज्या घरात आई आणि मुलाने एकत्र अनुभवलंय, तिथे बेसबॉल हा नुसता छंद राहत नाही. त्या घराची बोलण्याची रीत होते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य म्हणूनच मालकाबद्दलचं नाही, फोनबद्दलचं आहे.

पण आधी रागाबद्दल. तो रास्त आहे आणि मी तो शमवायला जाणार नाही. ओकलंडच्या बंदरावर नवीन मैदान बांधायची बोलणी वर्षानुवर्षं चालली आणि फिसकटली. शहर टीमकडे बोट दाखवतं, टीम शहराकडे. मधल्या काळात मॅट ओल्सन गेला, मॅट चॅपमन गेला, शॉन मर्फी गेला. एकेक चांगला खेळाडू दुसरीकडे देऊन टाकला गेला आणि २०२३ साली टीम ११२ मॅच हरली. मग लोक येत नाहीत म्हणून आम्ही जातो, असं सांगितलं गेलं. हा क्रम ज्याने रोज पाहिलाय त्याला चीड येणारच. त्याच वर्षी १३ जूनला चाहत्यांनी उलटा बहिष्कार केला. घरी बसण्याऐवजी सगळे ठरवून मैदानावर आले, २७,७५९ जण, "टीम विका" म्हणून हिरवे टी-शर्ट घालून, ढोल वाजवत. टीमने ती मॅच जिंकली, तो सलग सातवा विजय होता. नोव्हेंबरमध्ये लीगमधल्या टीमच्या मालकांनी एकमताने लास व्हेगासला जायची परवानगी दिली. लोकांनी जे करण्यासारखं होतं ते केलं आणि ते पुरलं नाही. शेवटच्या दिवशी, २६ सप्टेंबर २०२४ ला, ४६,८८९ माणसं आली. टेक्सासला ३-२ ने हरवलं, मग मॅनेजर मार्क कॉटसे माइक घेऊन मैदानात उभे राहिले, लोकांचे आभार मानले आणि "लेट्स गो ओकलंड" चा शेवटचा गजर केला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत रिकी हेंडरसन गेले. ओकलंडमध्ये वाढलेला, १,४०६ बेस चोरणारा, म्हणजे बॅटरने बॉल मारायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठणारा, ज्याचं नाव त्या मैदानालाच दिलं होतं तो माणूस. एका शहरावर इतक्या थोड्या काळात इतकं ओढवतं तेव्हा "एवढं काय त्यात" हे उत्तर होऊ शकत नाही.

तेव्हा तुमचा डॉलर तुमचा आहे. तो न देण्याचा निर्णय अगदी बरोबर आहे. बहिष्काराने मालक बदलेल की नाही याचा विचारही करू नका. तुम्हाला त्या गेटमधून पैसे देऊन आत जाववत नाही, एवढं कारण पुरे आहे.

चूक झाली ती दुसरीकडे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही पैशाच्या बहिष्कारात मुलालाही धरलंत.

त्याच्या बाजूने बघा. तो रेडिओ त्याने निवडला नव्हता. तुम्ही लावला होता. त्याला ही टीम वारशाने मिळाली, घरच्या भाषेसारखी. नोकरीने त्याला नेमकं सॅक्रमेंटोला नेलं, आणि काही काळाने तीच टीम त्याच गावाच्या नदीपलीकडे येऊन उभी राहिली. त्या मुलाला काय वाटलं असेल? मला तर वाटतं, घरचं कोणीतरी जवळ राहायला आलं असंच वाटलं असेल. आणि तिथे खेळतंय कोण? ब्रेंट रूकर, लॉरेन्स बटलर, जेकब विल्सन. यांना तुम्ही दोघांनी कोलिझियममध्येच हिरव्या-पिवळ्या कपड्यांत पाहिलंय. गाव सोडायचं की नाही हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मुलाने तिकिटं आणली ती तुम्हाला खिजवायला नाही आणली. त्याने तुम्हाला त्याच्या नव्या गावात, तुमच्याच जुन्या गोष्टीकडे बोलावलं होतं. "लाज" हा शब्द तिथे नको होता.

२५ जुलै २०२५ ची संध्याकाळ तुम्हाला माहीत आहे का? तुम्ही टीव्ही लावत नाही, म्हणून सांगते. बावीस वर्षांचा निक कर्ट्झ, ज्याला टीमने ओकलंडमध्ये असतानाच निवडलं होतं, ह्यूस्टनमध्ये सहा वेळा बॅटिंगला आला आणि सहाही वेळा हिट मारली. त्यात चार होमरन. पहिल्याच सीझनमधल्या खेळाडूने एका मॅचमध्ये चार होमरन मारणं मेजर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या सर्वात वरच्या पायरीच्या, इतिहासात आधी कधीच झालं नव्हतं. पुढे तो एकमताने अमेरिकन लीगचा वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. त्या संध्याकाळी, चौथा बॉल भिंतीपलीकडे गेल्यावर, तुमच्या मुलाचा हात फोनकडे गेला असेल. आणि मग त्याला आठवलं असेल की हा विषय आता आईजवळ काढायचा नाही.

तुमच्या यजमानांच्या सूचनेबद्दल. ते प्रेमाने म्हणताहेत, तुम्ही पुन्हा हसावं म्हणून म्हणताहेत, त्यांच्यावर रागावू नका. पण टीम अशी बदलत नाही. १९८९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, अ‍ॅथलेटिक्स आणि जायंट्स समोरासमोर होते. तिसऱ्या मॅचच्या आधी, १७ ऑक्टोबरला, भूकंप झाला. खेळ दहा दिवस थांबला आणि मग अ‍ॅथलेटिक्सने ४-० ने सिरीज जिंकली. खाडीच्या दोन काठांवरच्या लोकांनी एवढं सगळं आपापल्या बाजूने जगलंय, त्यात मधूनच काठ बदलता येत नाही. तुम्हाला चॅपमनचा खेळ बघायची हौस असेल तर तो आता जायंट्सकडे तिसऱ्या बेसवर उभा असतो. एखाद्या दुपारी त्याला बघायला जरूर जा, यजमानांनाही बरं वाटेल. पण टोपी विकत घेण्याची सक्ती स्वतःवर करू नका.

गाव सोडून जाणं बेसबॉलमध्ये जुनं आहे, आणि प्रत्येक वेळी लोकांनी वेगवेगळं केलंय. १९५७ च्या सीझननंतर डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले, जायंट्स त्याच वेळी न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला आले. ब्रुकलिनच्या काहींनी पुन्हा बेसबॉलचं नाव काढलं नाही. काहींनी दूरवरच्या डॉजर्सवर माया तशीच ठेवली. काही थांबले, आणि १९६२ साली न्यूयॉर्कला मेट्स आले तेव्हा त्यांच्याकडे गेले. त्या टीमने डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग मुद्दाम घेतला होता. या तिघांतलं कोण खरं निष्ठावान, हे ठरवायचा अधिकार मला कोणालाच द्यावासा वाटत नाही. आणि एक गोष्ट जरा जड आहे, पण सांगायला हवी. अ‍ॅथलेटिक्स ओकलंडला आली ती कॅन्सस सिटीतून. तेरा वर्षं ती तिथली टीम होती, त्याआधी १९०१ पासून फिलाडेल्फियाची. १९६७ च्या शेवटी कॅन्सस सिटीतही कोणीतरी तुमच्यासारखंच रडलं असेल, आणि ज्या टीमने तुम्हाला परदेशातल्या त्या रिकाम्या दुपारी सांभाळलं ती त्या रडण्यातून तुमच्यापर्यंत आली. तुमच्या मालकाला यातून माफी मिळत नाही. पण ज्या गावाला टीम मिळाली तिथल्या पोरांना दोष देता येत नाही, एवढं मात्र त्यातून दिसतं. १९६८ साली ओकलंडच्या पोरांनाही कोणी देत नव्हतं.

आता काय करायचं ते सांगते. मुलाला फोन करा आणि पहिल्या दोन मिनिटांत सांगा: "जूनमध्ये मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं. माझा राग तुझ्यावर नव्हता." तुमची बाजू समजावायला बसू नका, त्याला ती पाठ आहे. मग विचारा, कर्ट्झचे ते चार होमरन तू कुठे बसून पाहिलेस? आणि ऐका. तो अर्धा तास बोलेल.

त्यानंतर त्याला तुम्ही बोलवा, तुमच्या बाजूला. वेस्ट ओकलंडमध्ये रायमाँडी पार्क आहे. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या एका स्थानिक खेळाडूच्या नावाचं जुनं मैदान. तिथे २०२४ पासून ओकलंड बॉलर्स खेळतात. ही टीम पायोनियर लीगमध्ये आहे, म्हणजे मेजर लीगच्या फार खालची पायरी, पोरं अगदी नवखी. पण अ‍ॅथलेटिक्स निघाली म्हणून चिडलेल्या ओकलंडच्याच लोकांनी ती उभी केली, सामान्य चाहत्यांनाही तिच्यात मालकीचा वाटा घेता आला, आणि २०२५ साली तिने लीगचं विजेतेपद मिळवलं. १९८९ नंतर ओकलंडला मिळालेलं हे बेसबॉलचं पहिलं विजेतेपद. तुमच्या डॉलरला जागा हवी होती, ती इथे आहे. मैदान लहान आहे, कुठेही बसलं तरी बॉल टाकणाऱ्या पिचरच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो. बरोबरी झाली तर तिथे जादा इनिंग खेळत नाहीत, दोन्हीकडचा एकेक बॅटर होमरन मारायच्या स्पर्धेला उभा राहतो. जुन्या लोकांना हे पटत नाही. मला मात्र मजा वाटते.

सॅक्रमेंटोच्या मॅचचं काय? माझं मत विचाराल तर या वर्षी जाऊ नका. मन तयार नसताना मुलासाठी म्हणून गेलात तर नऊ इनिंग तोंड पाडून बसाल आणि त्याला ते कळेल. पण त्याच्या गावाला जरूर जा. फ्रीमाँटहून कॅपिटल कॉरिडॉरची ट्रेन थेट सॅक्रमेंटोला जाते आणि वाटेत कोलिझियमच्या स्टेशनवरही थांबते. तिथे मन हलेल, हे धरूनच निघा. मुलाच्या घरी राहा. संध्याकाळी तो मॅचला निघाला तर त्याला निघू द्या, "किती वाजता येशील" एवढंच विचारा. तो परत आल्यावर काय झालं ते विचारा. हवं तर त्याच्या घरी रेडिओ लावून बसा. ऐकायला तिकीट लागत नाही, आणि तुमची ओळख त्या खेळाशी रेडिओवरच झाली होती. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतःहून टॉवर ब्रिज ओलांडून त्या मैदानाकडे जावंसं वाटलं तर जा. नाही वाटलं तर नका जाऊ. लास व्हेगासचं मैदान २०२८ साठी बांधलं जातंय, त्याची चिंता आज नको.

तुमच्याकडे जुने स्कोअरकार्ड असतील, बऱ्याच रेडिओवाल्यांकडे असतात. ते टाकू नका, माळ्यावरही ठेवू नका. मुलगा आला की त्याच्यासमोर काढा आणि त्याला हवे ते घेऊ द्या.

सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो, बॉलर्सचा मे महिन्यात. फोन मार्चच्या आधीच करा, म्हणजे पहिल्या दिवसापासून बोलायला दोघंही असाल. आणि रायमाँडी पार्कला तो होमरनचा निकाल बघायला मिळाला तर मला नक्की कळवा.

तुमची,
ताई